लयीचा धनी कोण? बूगी, स्विंग आणि शफल यांचा विवेक

इ. स. १९५० साली अमेरिकेतील शिकागो शहरी, तेथील संघीय जिल्हा न्यायालयापुढे एक विलक्षण दावा निकालास आला. वादी शापिरो, बर्नस्टाइन ही संगीतप्रकाशक पेढी. प्रतिवादी मिरॅकल रेकॉर्ड कंपनी. वादाचा विषय गाण्याची चाल नव्हती, की गीताचे शब्द नव्हते. पियानोवर उजवा हात वाटेल ते विहार करीत असता डावा हात खर्जात जी एकच स्वरपंक्ती घोळवीत राहतो, ती स्वरपंक्ती 'यान्सी स्पेशल' या आपल्या रचनेतून उचलून प्रतिवादीने 'लाँग गॉन' या तबकडीत घातली, अशी वादीची तक्रार होती. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर तबल्याच्या साथीस सारंगीवर जो लेहरा धरतात, त्या लेहऱ्याच्या मालकीचाच हा खटला होता.

न्यायालयाने काय ठरविले ते यथाक्रम सांगू. परंतु तो निर्णय बरोबर की चूक, हे कळण्यापूर्वी त्या लेहऱ्याचे कुलगोत्र कळले पाहिजे. अमेरिकेतील ब्लूज संगीताच्या संदर्भात बूगी, स्विंग आणि शफल ही तीन नावे नेहमी कानी पडतात. ती एकाच गोष्टीची तीन नावे आहेत असा आपल्याकडे समज आहे, आणि खुद्द अमेरिकेतही ती एकमेकांच्या जागी सर्रास योजिली जातात. आमच्या मते हा केवळ शब्दांचा घोटाळा नव्हे. जेथे नावांचा घोटाळा होतो, तेथे ऋणांचाही घोटाळा होतो. आणि ज्यांच्या जवळ मालकीचा कागद नाही, अशा लोकांची ऋणे तर नावाबरोबरच बुडतात.

प्रथम ब्लूजची बैठक पाहू. ती अगदी साधी आहे. चार मात्रांचे एक आवर्तन धरावे. अशी बारा आवर्तने, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा, मिळून एक फेरा पुरा होतो. पहिली चार आवर्तने षड्जाच्या स्वरमेळावर, पुढली दोन मध्यमाच्या, पुन्हा दोन षड्जाच्या, मग एक पंचमाचे, एक मध्यमाचे, आणि अखेरची दोन परत षड्जाची. गीताचे कडवे बहुधा तीन ओळींचे. पहिलीच ओळ दुसऱ्यांदा म्हणावयाची, आणि तिसरीने तिचा उलगडा करावयाचा. गंधार कोमल की शुद्ध, हा प्रश्न तर गायक बहुधा निकालासाठी राखूनच ठेवतो. त्याचा स्वर त्या दोहोंच्या मध्ये कोठे तरी डोलत राहतो. १९१२ साली डब्ल्यू. सी. हँडी यांनी 'मेम्फिस ब्लूज' छापून प्रसिद्ध केले, आणि १९२० साली मॅमी स्मिथ या गायिकेच्या 'क्रेझी ब्लूज' या ध्वनिमुद्रिकेने हे संगीत घरोघर नेले. हँडी यांनी आपल्या त्या पहिल्या रचनेचे हक्क त्याच वर्षी विकून टाकिले होते. तत्कालीन कायद्याची २८ वर्षांची पहिली मुदत संपल्यावर, १९४० साली, ते त्यांच्याकडे परत आले. लिहून छापलेल्या रचनेची ही कथा. मग जे कधी कागदावर उतरलेच नाही, त्याची काय वाट लागली असेल, हे सांगावयास नको.

हे संगीत ज्या कृष्णवर्णीय समाजाचे, त्याच्या लयीचा इतिहास एका बंदीपासून सुरू होतो. १७३९ साली दक्षिण कॅरोलायना वसाहतीत स्टोनो नदीच्या काठी गुलामांनी उठाव केला. त्यात ढोल वाजले होते. दुसऱ्याच वर्षी, १७४० साली, तेथील विधिमंडळाने कायदा करून गुलामांना ढोल बाळगण्याची व वाजविण्याची मनाई केली. ढोल गेला, पण लय गेली नाही. ती हातांच्या टाळ्यांत आणि पायांत उतरली. पुढे हे लोक ख्रिस्ती झाले, तरी प्रार्थनेनंतर वर्तुळाकार फिरत, टाळ्यांच्या ठेक्यावर पाय जमिनीला घासत पुढे सरकण्याची त्यांची उपासना टिकून राहिली. तिला 'रिंग शाउट' म्हणत. फेरा घ्यावयाचा तो घड्याळाच्या काट्याच्या उलट, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या विरुद्ध दिशेने. पायावर पाय चढता कामा नये, कारण पाय ओलांडला की ते नृत्य ठरे, आणि देवाच्या द्वारी नृत्य निषिद्ध होते. देवळाच्या सभामंडपात ज्यांनी नृत्यगायनाची सेवा पिढ्यान्‌पिढ्या पाहिली, त्या आमच्या वाचकांना या निषेधाचे आश्चर्य वाटेल. पण निषेधातूनही लय कशी वाट काढते, हे त्यांना ओळखीचे वाटल्यावाचून राहणार नाही. शफल या शब्दाचा मूळ अर्थ हाच आहे: पाय न उचलता घासत चालणे.

आता तिघांपैकी पहिले भावंड बूगी, अथवा पूर्ण नावाने बूगी-वूगी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व टेक्सास आणि लुइझियाना येथील पाइनच्या अरण्यांत लाकूडतोडीच्या आणि राळ गाळण्याच्या छावण्या पडत. रेल्वेचे रूळ अरण्यात शिरत, त्यांच्या मागोमाग मजूर शिरत, आणि मजुरांच्या मागोमाग पिंपातून दारू विकणारी खोपटी. तेथे एक जुनापुराणा पियानो आणि एकच वादक. गलका एवढा, की ऐकू जावयाचे तर हाताने घणच घातला पाहिजे. आणि नाचणाऱ्यांना ढोल हवा, तो तर नाही. म्हणून वादकाने डाव्या हातालाच ढोल केले. चार मात्रांच्या आवर्तनात आठ आघात. स्वर साधारणतः असे: सा ग प ध, कोमल नि ध प ग. हाच लेहरा मध्यमावर न्यावयाचा, पंचमावर न्यावयाचा, आणि फेरा पुरा होईपर्यंत खंड पडू द्यावयाचा नाही. बूगीचे लक्षण ते हेच. बूगी ही डाव्या हाताची करणी आहे.

१९२८ च्या २९ डिसेंबर रोजी क्लॅरेन्स 'पाइनटॉप' स्मिथ या तरुणाने शिकागोत 'पाइनटॉप्स बूगी वूगी' ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. वाजविता वाजविता तो नाचणाऱ्यांना सूचना देतो, आणि त्या सूचनांबरोबरच बूगी-वूगी हे नाव देशभर झाले. अडीच महिन्यांनी, १९२९ च्या मार्चमध्ये, एका नृत्यगृहात गोळी लागून तो मृत्यू पावला. त्याचे वय २४ वर्षांचे होते. १९३८ साली टॉमी डॉर्सी या गौरवर्णीय वाद्यवृंदनायकाने तीच रचना मोठ्या वृंदासाठी बांधून घेतली, आणि तिचा प्रचंड खप झाला. दुसरा वादक मीड लक्स लुइस. आगगाडीच्या चाकांची लय पियानोवर उतरविणारी त्याची 'हॉन्की टॉन्क ट्रेन ब्लूज' ही रचना १९२७ साली ध्वनिमुद्रित झाली होती. तरी १९३५ साली जॉन हॅमंड या रसिकाने त्याला शोधून काढले, तेव्हा तो शिकागोत मोटारी धूत होता. तिसरा जिमी यान्सी. हा तर शिकागोतील कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या क्रीडांगणावर मैदान राखण्याची नोकरी करी आणि रात्री स्नेह्यांच्या घरी पियानो वाजवी. त्याच्या डाव्या हाताची धाटणी निराळी, थांबत थांबत जाणारी. लुइसने त्याच्याविषयीच्या आदराने १९३६ साली जी रचना वाजविली, तिचेच नाव 'यान्सी स्पेशल'. ज्या लेहऱ्यावरून पुढे दावा झाला, तो हाच.

दुसरे भावंड स्विंग. त्याचे घर अरण्यातील खोपटे नव्हे, शहरातील विस्तीर्ण नृत्यशाळा. आणि त्याचा कर्ता एकटा वादक नव्हे, तेरा-चौदा जणांचा वृंद. कॅन्सस सिटीहून आलेल्या काउंट बेसी यांच्या वृंदाने १९३७ साली ध्वनिमुद्रित केलेले 'वन ओ'क्लॉक जंप' हे याचे उत्तम उदाहरण, कारण त्याची बैठकही बारा आवर्तनांच्या ब्लूजचीच आहे. येथे वॉल्टर पेज हा डबल बास या पुरुषभर उंचीच्या तंतुवाद्यावर चार मात्रांना चार स्वर वाजवितो, पण लेहरा धरीत नाही. सावकाश रस्त्याने निघालेल्या माणसाप्रमाणे तो प्रत्येक मात्रेस नवे पाऊल टाकतो. फ्रेडी ग्रीन गिटारवर त्याच चार मात्रा हलक्या हाताने मोजतो. जो जोन्स ठेक्याचा भार मोठ्या ढोलावरून काढून झांजेवर नेतो. तिचे बोल असे: तां, तां-कि, तां, तां-कि. हा 'कि' कोठे पडतो, यातच स्विंगचे सारे मर्म आहे. विलंबित गतीत तो मात्रेच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात पडतो. गती वाढली की तो सरकत सरकत मध्याकडे येतो, आणि अतिद्रुत गतीत मात्रेचे जवळजवळ दोन समान भाग होतात. म्हणजे स्विंगचे प्रमाण ठरीव नाही. त्याचा मात्राभंग लवचिक आहे, आणि ती लवचिकता सारा वृंद मिळून सांभाळतो. १९३५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या पालोमार नृत्यशाळेत बेनी गुडमन यांच्या वृंदाला अपूर्व यश मिळाले, आणि स्विंग हा शब्द पुढील दहा वर्षे अमेरिकेतील लोकप्रिय संगीताचे सामान्यनाम होऊन बसला. सामान्यनाम झाल्यामुळेच त्याचा नेमका अर्थ पातळ झाला.

तिसरे भावंड शफल. शफलची चाल जुनी खरी. परंतु ब्लूजचा मुख्य ठेका म्हणून तिची प्रतिष्ठा झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, आणि त्याची कारणे बरीचशी आर्थिक आहेत. १९४२ च्या ऑगस्टपासून वादकसंघाने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. तो १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत पुरता उठला नाही. १९४४ सालीच करमणुकीच्या नृत्यगृहांवर जबर संघीय कर बसला. चौदा माणसांचा वृंद पोसणे मालकांना परवडेना. तेव्हा पाच-सात वादकांचे लहान ताफे पुढे आले. माणसे कमी झाली, म्हणून ठेका जड झाला. यात लुई जॉर्डन अग्रणी. टी-बोन वॉकर यांनी विजेवर चालणाऱ्या गिटारीवर १९४७ साली ध्वनिमुद्रित केलेल्या एका रचनेचे नावच 'टी-बोन शफल' आहे. शफलमध्ये प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग करावे, पहिल्यावर व तिसऱ्यावर आघात करावा, आणि मधला सोडून द्यावा: धा ऽ गे, धा ऽ गे, धा ऽ गे, धा ऽ गे. तिस्र जातीची सवय ज्या कानाला आहे, त्याला हे क्षणात उमगेल. विशेष असा की हा 'गे' कोणीही गाळत नाही. ढोल तो वाजवितो, गिटार तो वाजविते, खर्जाचे वाद्यही पुष्कळदा तो वाजविते. आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर टाळीसारखा जोरकस आघात पडतो. स्विंगमध्ये जे सुचवावयाचे, ते शफलमध्ये स्पष्ट उच्चारावयाचे.

आता भेद कसा करावा? आमच्या मते घोटाळ्याचे मूळ असे आहे की आपण एकच प्रश्न विचारून तीन उत्तरांतून एक निवडू पाहतो. वस्तुतः ही तीन नावे तीन भिन्न प्रश्नांची उत्तरे आहेत. खर्जात काय वाजते आहे, या प्रश्नाचे उत्तर बूगी. मात्रा कशी फोडली आहे आणि ती फोड कितपत उघड उच्चारली आहे, याचे उत्तर शफल. सर्व वादक मिळून लय पुढे कशी वाहवितात, याचे उत्तर स्विंग. म्हणून ऐकणाऱ्याने प्रथम सर्वांत खालच्या स्वराकडे कान द्यावा. तेथे आठ आघातांचा लेहरा फिरून फिरून येत असेल तर बूगी आहे. मग दोन मात्रांमधील लहान आघात ऐकावा. तो प्रत्येक वेळी ठरल्या जागी आणि ठसठशीत पडत असेल तर शफल आहे. खालचा स्वर पावलापावलाने नवी वाट चालत असेल, आणि तो लहान आघात कधी दिसे कधी न दिसे असा असेल, तर स्विंग आहे.

प्रश्न भिन्न असल्यामुळे दोन उत्तरे एकाच ठिकाणी नांदू शकतात. रॉबर्ट जॉन्सन या तरुण गायकाने १९३६ च्या नोव्हेंबरात टेक्सासमधील सान अँटोनियो येथे 'स्वीट होम शिकागो' गायिले, तेव्हा पियानोचा डावा हात त्याने गिटारीच्या खालच्या तारांवर आणला: सा-प, सा-प, सा-ध, सा-ध. हा लेहरा बूगीचा, आणि चाल शफलची. जॉर्डन यांच्या 'चू चू चबूगी' या १९४६ च्या तबकडीच्या नावात बूगी आहे, पण तिची चालही शफलचीच. याच्या उलट, १९५८ सालच्या 'जॉनी बी. गुड' मध्ये चक बेरी यांच्या गिटारीवर तोच सा-प, सा-ध आहे, पण मात्रेचे दोन सरळ समान भाग झाले आहेत. तेथे बूगी राहिली आणि शफल सुटली; त्यालाच जग रॉक अँड रोल म्हणू लागले. आणि जॉन ली हूकर यांच्या 'बूगी चिलन' मध्ये, १९४८ साली, बारा आवर्तनांचा फेराही नाही. एका षड्जावर पायाच्या ठोक्याने सारे चालले आहे. तात्पर्य, तबकडीवरील नाव हा पुरावा नव्हे. कानाने उलटतपासणी घेतल्यावाचून ते ग्राह्य धरू नये.

आता त्या दाव्याकडे वळू. न्यायालयाने दोन मुद्द्यांवर वादीचे म्हणणे अमान्य केले. एक असे, की तबकड्यांची विक्री म्हणजे प्रकाशन होय. आणि रीतसर नोंदणीपूर्वी प्रकाशन झाले की लेखकाचा मूळचा हक्क संपतो. दुसरे असे, की बूगीचा तो लेहरा इतका साधा, स्वरमेळाच्या यांत्रिक योजनेसारखा आहे, की त्यावर स्वामित्वहक्क बसूच शकत नाही. पहिल्या मुद्द्यावर पुढे मतभेद माजले, आणि १९९७ साली अमेरिकेच्या विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून असे ठरविले की, १९७८ पूर्वी तबकडी विकली गेली एवढ्यावरून तीतील रचना प्रकाशित झाली असे मानू नये. दुसरे तत्त्व, म्हणजे सामान्य लेहरा कोणाच्या मालकीचा नव्हे, हे मात्र सर्वसाधारणपणे आजही मान्य आहे.

कायदेपंडित म्हणून आम्हांस हा दुसरा निर्णय योग्य वाटतो. आठ स्वरांचा लेहरा जर एका पेढीच्या तिजोरीत गेला असता, तर पुढले सारे वादक तिचे कुळ झाले असते. परंतु एक गोष्ट मनाला टोचत राहते. त्या न्यायालयात दोन व्यापारी भांडत होते. ज्याच्या नावाने ती रचना ओळखली जाते, तो यान्सी वादीही नव्हता आणि प्रतिवादीही नव्हता. निकालानंतर वर्षभराने, १९५१ साली, तो वारला. लय कोणाच्या मालकीची नाही, हे म्हणणे एक. आणि ती कोणाकडून आलीच नाही, हे म्हणणे दुसरे. कायद्याने पहिले सांगितले. दुसरे आपण आपल्या आळसाने मान्य करतो.

येथवरची कथा परदेशाची झाली. परंतु तिचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. १९३५ साली लिऑन ॲबी हे आपला कृष्णवर्णीय वादकांचा ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्या पाठोपाठ आलेले पियानोवादक टेडी वेदरफर्ड पुढे हिंदुस्थानातच राहिले, आणि १९४५ साली कलकत्त्यास वारले. या लोकांच्या सहवासात गोव्याच्या वादकांनी स्विंग आत्मसात केला. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेल्या त्या तरुणांना कागद वाचता येत होता. कागदावर न लिहिलेला 'कि' कोठे टाकावयाचा, ते या परदेशस्थांच्या शेजारी बसूनच कळले. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ, जे 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले, ते यांतले एक. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) चित्रपटातील संगीतात त्यांचा हात होता. अशा कितीतरी गोमंतकीय वादकांनी आणि वाद्यरचनाकारांनी हिंदी चित्रपटांचे संगीत घडविले, पण पडद्यावरील श्रेयनामावलीत त्यांची नावे पुष्कळदा आली नाहीत. शिकागोच्या मैदानराख्याचे जे झाले, तेच आल्दोणे-कुडचड्याच्या मुलांचेही झाले.

आपल्या कायद्याचीही साक्ष काढू. १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात 'संगीतकृती' ची जी व्याख्या होती, तिच्याप्रमाणे संगीत छापलेले, लिहिलेले अथवा अन्य रीतीने आकृतिबद्ध केलेले असणे आवश्यक होते. १९९४ च्या दुरुस्तीने ती अट गेली. म्हणजे जवळजवळ ३७ वर्षे, आमच्या देवळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत चालत आलेली बंदिश, ती लिहून काढली नसेल तर, कायद्याच्या दृष्टीने संगीतकृती नव्हतीच. आमचे लयभास्कर खाप्रूमाम पर्वतकर एका वेळी हातापायांनी भिन्न लयी धरीत, ही कीर्ती आम्ही अभिमानाने सांगतो. पण त्यांच्या मागे-पुढे ज्या कलावंत घराण्यांनी देवापुढे सारंगीवर लेहरा धरला, घुमटावर आणि तबल्यावर ठेका सांभाळला, त्यांतील किती जणांची नावे देवस्थानांच्या स्मरणिकांत आढळतात? महाजनांची नावे संगमरवरावर आहेत. वादकांची नावे बहुधा खर्चाच्या वह्यांत असतील, तीही बिदागीच्या रकमेसमोर.

म्हणून आमची विनंती लहानशी आहे. उत्सवाच्या पत्रिका छापताना गायकाच्या नावाखाली साथीदारांची नावे छापावीत; देवस्थानाच्या जुन्या वह्या वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी त्यांतील वादकांची नावे उतरून घ्यावीत; आणि ज्या वृद्धांना लेहऱ्यांची आणि ठेक्यांची स्थानिक नावे ठाऊक आहेत, त्यांच्याकडून ती कोणाकडून आली यासह लिहून घ्यावीत. याला न्यायालय लागत नाही, मुद्रांक लागत नाही, वकीलही लागत नाही. बूगीला बूगी, शफलला शफल आणि स्विंगला स्विंग म्हणणे जेवढे सोपे, तेवढेच हे सोपे आहे. कान शाबूत असावा आणि उपकार मानण्याची दानत असावी, एवढेच.